चूल एकीची, पुण्य सगळ्यांचं?



आजचे चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १० ते १६

या सात श्लोकांत भगवंत अर्जुनाला एक चक्र समजावून सांगतात. प्राणी अन्नावर जगतात, अन्न पावसाने पिकतं, पाऊस यज्ञाने पडतो आणि यज्ञ कर्मातून घडतो. १२व्या श्लोकात, मिळालेलं परत न देता नुसतं भोगणाऱ्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. १३व्यात सांगतात की यज्ञ करून उरलेलं खाणारे पापातून सुटतात, आणि फक्त स्वतःसाठी शिजवणारे पापच खातात.

यज्ञ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे होमकुंड, तूप, समिधा येतात. पण रोजचा यज्ञ घराघरातल्या चुलीवर चालू असतो.

जूनमध्ये आईच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही सगळे रत्नागिरीला गेलो होतो. दुपारी टेकडीवरच्या एका हॉटेलात जेवायला बसलो. खाली मिरकरवाडा बंदर, पावसात ओळीने उभ्या असलेल्या होड्या. धाकट्या भावाने सुरमई मागितली. वाढणारा मुलगा म्हणाला, "ताजी नाही साहेब. जून-जुलै मासेमारी बंद, मासळीचा विणीचा काळ." त्यावर आमची ही आईला म्हणाली, "बघा, समुद्रालासुद्धा दोन महिने सुट्टी. तुम्हाला कधी मिळाली?"

सगळे हसले. आई नाही हसली.

पहिलं ताट तिच्यापुढे आलं. वाफाळता भात, वरण, सोलकढी. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. भाऊ म्हणाला, "आई, गार होतंय, जेव ना." ती म्हणाली, "तुमचं येऊ दे. मला आधी नाही रे जेवता येत. पन्नास वर्षांत सवयच नाही." मग त्या मुलाकडे वळून, "तू जेवलास का बाळा?"

"आमचं चार वाजता मावशी, गिऱ्हाईक संपलं की."

"म्हणजे माझ्यासारखाच तू."

आता इथे 'धन्य ती माउली, आयुष्यभर यज्ञशेष खाल्लं' असं म्हणून हात जोडता येतात. ते खोटंही नाही. पण भगवंत १३व्या श्लोकावर थांबलेले नाहीत. १६व्यात ते म्हणतात, हे चक्र जो पुढे चालवत नाही, तो व्यर्थ जगतो. चक्र एकट्या बाईने चालवावं आणि बाकीच्यांनी पाटावर बसावं, असं गीतेत कुठेही नाही. यज्ञशेष खाणं हा प्रत्येकाचा धर्म आहे. एकीनेच शेवटी जेवायचं आणि बाकीच्यांनी नुसतं ढेकर द्यायचा, तर १२व्या श्लोकातला तो कडक शब्द कुणाला लागू होतो, ते ज्याचं त्याने बघावं.

त्या दिवशी माझा पुतण्या उठला, तिच्या ताटात वरण वाढलं, लिंबू पिळलं आणि म्हणाला, "आजी, आज मी वाढणार. तू फक्त पुरे म्हण." मग आईने पहिला घास घेतला. वाढणाऱ्याचा हात बदलला, आणि चक्र फिरलं!

म्हणून मंडळी, आजचा संकल्प छोटासा आहे. आज रात्री घरात जो शेवटी जेवतो, त्याला आधी बसवा. त्याला गरम वाढा. आपण मागून जेवा. हॉटेलात गेलात तर वाढणाऱ्याला "जेवलास का?" एवढं विचारा.

हे योगेश्वरा, आमच्या घासामागचे हात आम्हाला दिसू देत, आणि आमचेही हात वाढण्याच्या कामी येऊ देत.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥