विद्यादानाचा हिशेब

विद्येचे दान हे सर्व दानांत श्रेष्ठ, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे, आणि ज्या रत्नागिरीत टिळकांचा जन्म झाला त्या गावात या म्हणण्याविषयी शंका घेणारा मनुष्य थोडा विक्षिप्तच ठरतो. तरीही गेल्या हिवाळ्यात मांडवीच्या जेटीवर आमची जी सायंकाळची बैठक जमते, तीत खेड तालुक्यातील एका कातकरवाडीवरच्या मुलांसाठी पाट्यापुस्तकांची वर्गणी निघाली आणि कोणी तरी सहजगत्या विद्यादानाचे पुण्य बोलून दाखवले, तेव्हा माझे मन त्या कल्पनेपाशी जे अडले ते अद्याप सुटलेले नाही.

दान म्हटले की पात्र आले. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश आणि काल यांच्या जोडीला पात्राचा विचार सांगितला आहे, आणि देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रिपंडिताने आपल्या चतुर्वर्गचिंतामणीत दानासाठी एक सबंध खंडच खर्ची घातला. हे विवेचन आपल्या जागी सूक्ष्म असेल. परंतु त्यात पारख होते ती घेणाऱ्याची, आणि देणारा मात्र न्यायासनावर बसलेला असतो. पाड्यावरच्या शाळेतला कंटाळलेला मास्तर 'या पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही' असे जेव्हा म्हणतो, तेव्हा तो नकळत तोच पात्रापात्रविचार बाजारी भाषेत सांगत असतो.

आपल्याच परंपरेत मात्र दुसरीही एक कल्पना आहे, आणि ती मला अधिक सरळ वाटते. तैत्तिरीय संहितेने ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली, ती ब्राह्मणापुरती; शतपथ ब्राह्मणाने मात्र जो कोणी जन्मास येतो तो ऋणी म्हणूनच जन्मतो असे म्हणून त्यांत चौथे, मनुष्यांचे ऋण घातले. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते आणि मनुष्यांचे अन्न व आसरा देऊन, असा तेथला हिशेब आहे. मला वाटते, कातकऱ्याच्या मुलाला वाचायला शिकवताना ही दोन्ही ऋणे एकाच खात्यावर येतात.

आमचे आणि कातकऱ्यांचे देणेघेणे काय, असे कोणी विचारील. ज्या काताने आपले पान रंगते, तो कात खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत तासन् तास उकळून, तो रस आटवून, हे लोक करीत आले. त्यांचे नावच त्या धंद्यावरून पडले. इंग्रजी अमदानीत, विशेषतः १८७८च्या जंगल कायद्यानंतर, रान सरकारजमा होत गेले, खैराची मोकळी तोड राहिली नाही, आणि ज्यांनी कात केला तेच लोक परक्यांच्या कोळशाच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबू लागले. त्याहूनही अधिक बोलके उदाहरण डहाणू-उंबरगावच्या वारल्यांचे आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडीशी रक्कम घ्यावी आणि तिच्यापायी नवराबायकोने जन्मभर लग्नगडी म्हणून त्याच्या घरी राबावे, हा तेथला शिरस्ता १९४५च्या उठावापर्यंत चालू होता. त्या रानात लेखनविद्या प्रथम शिरली ती बाराखडी म्हणून नव्हे, सावकाराचा रोखा म्हणून. ती वाचता येत नव्हती म्हणून अंगठा उठला, आणि तो उठला म्हणून माणूस गेला. ज्यांना आपण सातत्याने ऋणको म्हणून दप्तरात मांडले, ते वस्तुतः धनको होते.

येथे अनेकांना एकलव्य आठवेल. मला ती कथा या प्रसंगी फारशी उपयोगी वाटत नाही. कारण एकलव्याला शिकायचे होते आणि गुरूने नाकारले, तर आमचा मुलगा बोलावूनही येत नाही, आणि खरा पेच तोच आहे.

हा पेच ज्यांना उमगला त्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे प्रथम घ्यावी लागतात. १९४५मध्ये बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येत ना, कारण कोणाच्या कडेवर धाकटे भावंड तर कोणाच्या मागे सावकाराची गुरे. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष देण्याऐवजी शाळाच उचलली आणि पाड्याच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी, आणि जेथे गुरे चरत तेथे नेली, ती कुरणशाळा. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने दूर ठेवून गारगोट्या, बिया, पाने, शंखशिंपले यांवर मोजणी आणि आकार शिकवले. ज्या ताराबाई राजकोटास अध्यापिका-विद्यालयाच्या प्राचार्या होत्या त्यांनी साठीच्या उंबरठ्यावर वारल्यांच्या पाड्यांवर हिंडावे, याला पुष्कळांनी त्याग म्हटले. मला त्यात ऋण फेडणाऱ्याचा साधा व्यवहार दिसतो, कारण फेड धनकोच्या दारी नेऊन करावी लागते.

हे मी बैठकीत बोललो तेव्हा आमचे एक स्नेही, जे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, ते म्हणाले, "अहो, मग पुढचेही माना. ऋणकोला अटी घालता येत नाहीत. मुदत कोणती, फेड कोणत्या नाण्यात, हे धनको सांगणार."

त्यांचे म्हणणे मला त्या वाडीवर गेल्यावर नीट कळले. एक नऊदहा वर्षांची मुलगी ओटीवर बसून, ओळीखाली बोट सरकवीत, पाठ न अडखळता वाचत होती. काय वाचलेस असे विचारताच तिने पुस्तक मिटले. शिकवणाऱ्या बाईंनी तेच वाक्य कातकऱ्यांच्या बोलीत म्हटले, तेव्हा ती एवढ्या मोठ्याने हसली की पलीकडची दोन पोरे धावत आली. पाठात काही विनोदी होते हे तोवर कोणाच्याच, माझ्यादेखील, ध्यानात आले नव्हते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असा भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठीचा ३५०-अ हा अनुच्छेद १९५६मध्ये संविधानात आला. नाण्याची गोष्ट ती हीच. मुदतीची गोष्ट त्याहून कठीण. दिवाळी झाली की निम्मी वाडी भट्ट्यांवर जाते आणि मृगाच्या आधी परतते. मुले मधल्या काळात जे शिकली ते विसरून येतात, आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांचा गुन्हा म्हणून ते नोंदले जाते.

आश्रमशाळा हा सरकारने काढलेला तोडगा आहे आणि त्याने पुष्कळ मुले शिकली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्या मुलीच्या बापाने मला विचारले, "शाळेत ठेवली तर ती परत आमच्यात बसंल का?" आश्रमशाळेतून आलेला त्याचा पुतण्या आईने उकडलेले कंद ताटात घेत नाही, असे त्याचे गाऱ्हाणे होते. धनको फेड घेण्यास कांकू करतो आहे, कारण फेडीबरोबर त्याचे मूल जाते, अशी ही अवस्था. मुलीचा हक्क तिचा स्वतःचा आहे, बाप केवळ पालक आहे, म्हणून त्याचा नकार अखेरचा मानता येत नाही, हे मी जाणतो. परंतु त्याचा प्रश्न अज्ञानाचा म्हणून बाजूस सारण्याचा अधिकार मला आहे असेही मला वाटत नाही.

मांडवीस परतल्यावर मी हे स्नेह्यांना सांगितले. त्यांनी बराच विचार करून वर्गणीच्या यादीतून वाडीवर लावावयाच्या फलकाची रक्कम खोडली आणि तेथे, दिवाळीनंतर बाईंनी भट्टीवर जाऊन शिकवावे म्हणून, त्यांच्या जाण्यायेण्याचे भाडे लिहिले.