हवेचा ताळेबंद

बँकेत वीस वर्षे काढली की माणसाला एक खोड लागते. कुठेही काही जमा झालेले दिसले, की ते कुणाच्या नावे पडले असेल हे तो शोधू लागतो. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढत असतात आणि मला मुलीच्या बापाचा प्रॉव्हिडंट फंड दिसू लागतो. प्रत्येक जमेला एक नावे असते, एवढे बी.कॉम.ला पक्के शिकवले होते. धुराची नावे बाजू मात्र कुणाच्या खतावणीत आहे, ते काही केल्या सापडत नाही.

कारखान्याचेच पाहा ना. कोळसा विकत घ्यावा लागतो, कामगाराला पगार द्यावा लागतो, साहेबांच्या चहाचेसुद्धा व्हाउचर निघते. धूर तेवढा फुकट सोडता येतो. त्याचे व्हाउचर निघते पलीकडच्या वस्तीतल्या पोराच्या छातीत. शेजाऱ्याचे हे नुकसान मालकाच्या हिशोबात येत नाही, तेव्हा कर लावून ते तिथे आणावे, हा विचार पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच मांडून ठेवला आहे. आमच्या वेळी त्यावर दहा मार्कांचा प्रश्न यायचा. मार्क पडले की पिगूही गेला आणि धूरही गेला. म्हणजे डोक्यातून.

संध्याकाळी हिशोब जुळला नाही, तर बँकेत फरकाची रक्कम 'सस्पेन्स'ला टाकून घरी जाता येते. पण ती तिथे फार दिवस ठेवता येत नाही; ऑडिटर येऊन विचारतो. आपल्या देशाने या कामी नागरिकांची फुप्फुसे नेमलेली आहेत. आणि गंमत अशी, की दम्याच्या डॉक्टरची फी, इनहेलर, हवा शुद्ध करायची यंत्रे हे सगळे राष्ट्रीय उत्पन्नात जमेकडे धरले जाते. खोकला वाढला की प्रगतीही वाढली!

ऑडिटर आले, नाही असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात भारताचा हिशोब छापून आला. २०१९ या एका वर्षात बाहेरची दूषित हवा आणि घरातला चुलीचा धूर मिळून १६ लाख ७० हजार माणसे गेली, म्हणजे एकूण मृत्यूंच्या १७.८ टक्के. मृत्यू आणि आजारपण यांमुळे बुडालेले उत्पादन ३,६८० कोटी डॉलर. पैकी २,८८० कोटी नुसत्या मृत्यूंपायी.

कारकुनापुढे दोन आकडे आले की तो भागाकार केल्याशिवाय राहत नाही. एका माणसामागे सुमारे सतरा हजार डॉलर पडले. त्या वर्षीच्या भावाने बारा लाख रुपये. मी पुन्हा करून पाहिला. बाराच. आमच्या शाखेतून याहून मोठी वाहनकर्जे मंजूर होतात. त्या गाडीच्या मागून निघणारा धूर ज्याच्या नाकात जातो, तो माणूस गाडीपेक्षा स्वस्त!

तज्ज्ञांना बोल लावण्यात अर्थ नाही. आकडा दिसल्याशिवाय सरकार हलत नाही, म्हणून बिचारे आकडा काढतात. पण माणूस जगता तर किती मिळवता, यावरून त्याची किंमत ठरवायची म्हटली, की मजुरी कमी तिथे मरणही स्वस्त. मग धूर तिकडेच पाठवणे फायद्याचे, नाही का? हा माझा चावटपणा नव्हे. जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीच्या डिसेंबर १९९१च्या एका अंतर्गत टिपणात नेमके हेच तर्कशास्त्र होते. टिपण बाहेर फुटले, जगभर ओरड झाली, तेव्हा ते उपरोधाने लिहिले होते असा खुलासा आला.

असेल उपरोध. पण मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर तिथल्या माणसांना घरे दिली ती माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. मलबार हिलला जागा शिल्लक नसावी. लोकांनी आंदोलन केले, कोर्टात गेले. २०१९च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की त्यांना तिथे सक्तीने पाठवू नका. दुसरीकडे घर द्या, नाही तर भाड्यासाठी दरमहा १५,००० रुपये द्या. धुराचे व्हाउचर एकदाचे एका खिडकीवर आले. खिडकी महापालिकेची होती, चिमणीवाल्यांची नव्हे, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

माझी आई आता पंचाहत्तरीला आली. गावी तीस वर्षे तिने चुलीपुढे फुंकणी धरली. आता रात्री तिला दम लागला की मी उशी उंच करून देतो आणि ती मला "झोप जा, सकाळी ऑफिस आहे" म्हणते. नुसती कमाई मोजायच्या या रीतीत तिच्या नावापुढे काय येईल, ते मी परवा तिला सांगून टाकले.

"शून्य?" तिने विचारले.

"शून्य. तुला पगार कुठाय?"

"म्हणजे मी गेले तर देशाचं काही जात नाही म्हणतोस. बरं झालं बाई." तिने इनहेलर पदराला पुसून जागेवर ठेवला. "मग उद्याच्या डब्याला काय करू, भेंडी की फरसबी?"