नाशवंत मुकुट आणि अविनाशी मुकुट

वाचावयाचे शास्त्रभाग: १ करिंथ ९:२४-२७, २ तीमथ्य २:५



प्राचीन काळीं करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनीं खेळांचे सामने भरत असत. जो जिंके त्याच्या मस्तकीं पानांचा मुकुट घालीत. तीं पानें थोड्याच दिवसांत सुकून जात. तरी तेवढ्यासाठीं गडी कितीएक महिने खाण्यापिण्यांत व चालचलणुकींत आपणांस आवरून धरीत. पौल प्रेषितानें तेथील मंडळीस पत्र लिहितांना हाच दाखला घेतला, आणि कधीं न सुकणारा दुसरा एक मुकुट तिच्यापुढें ठेवला.

कोणी म्हणेल, पानें सुकतात हें खरें. पण सोनें व रुपें कोठें सुकतें? ह्याचें उत्तर एका खेळाडूच्या चरित्रांत सांपडतें, तें आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

जेम्स स्पीअर्स हा स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं १८८६ सालीं जन्मला. त्याचा खेळ फुटबॉलचा. प्रथम तो आपल्याच शहरांतील रेंजर्स व क्लाइड ह्या संघांत खेळला. १९०८ सालीं वेल्सविरुद्ध स्कॉटलंड देशातर्फें खेळण्याचा मान त्यास मिळाला. १९०९ सालीं तो इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड सिटी संघांत गेला, व पुढें त्या संघाचा कप्तान झाला.

इंग्लंडांत दरसाल अनेक संघांचे सामने होऊन शेवटीं जो जिंकतो त्यास रुप्याचा मोठा पेला देतात. १९११ सालीं हा पेला नवीन घडविला होता, व तोही ब्रॅडफर्ड येथील कारागिरांच्या पेढीनें. त्या वर्षीं शेवटच्या सामन्यास ब्रॅडफर्डपुढें न्यूकॅसलचा संघ उभा राहिला. मागील वर्षाचा विजय न्यूकॅसलचाच होता. २२ एप्रिल रोजीं लंडन येथें कोणाचाच गोल झाला नाहीं. २६ तारखेस मँचेस्टर येथें पुन्हां सामना झाला, तेव्हां स्पीअर्सनें डोक्यानें चेंडू मारून एकच गोल केला; तेवढ्यानें जय मिळाला, आणि नवा पेला जेथें घडला त्याच शहरीं परत आला.

आतां ह्या वैभवाचें पुढें काय झालें तें पाहा. तो पेला वर्षानुवर्षें हातोहात फिरून इतका झिजला कीं, १९९१ नंतर तो देण्याचें बंद करून १९९२ पासून त्याच्याच नमुन्याचा दुसरा देऊं लागले. स्पीअर्सला मिळालेलें विजयाचें पदक २००३ सालीं लिलांवांत निघालें. सव्वीस हजार पौंडांवर किंमत आली, पण ज्यानें तें मिळविलें त्यास ह्या जगांतून जाऊन शहाऐंशी वर्षें लोटलीं होतीं. १९१२ सालीं तो लीड्स सिटी नांवाच्या संघांत गेला होता. तो संघही राहिला नाहीं. युद्धाच्या काळांत त्या संघानें खेळाडूंस नियमाविरुद्ध पैसे दिले, असा आरोप आला. चौकशी करणाऱ्यांनीं हिशेबाचे कागद मागितले, ते संघानें पुढें केले नाहींत. म्हणून १९१९ सालीं त्यास स्पर्धेंतून काढून टाकलें, आणि संघ मोडला. पेला झिजला, पदक विकलें गेलें, संघ बुडाला. रुपेंही सुकतें, बंधूंनो. पानांपेक्षां थोडें सावकाश, इतकेंच.

संघ मोडला तेव्हां स्पीअर्स हयात नव्हता. १९१५ सालीं, सक्तीचा कायदा होण्यापूर्वींच, तो आपण होऊन कॅमेरन हायलंडर्स पलटणींत दाखल झाला. घरीं पत्नी व दोन लहान मुलें होतीं. १९१७ सालीं शौर्याबद्दल त्यास मिलिटरी मेडल मिळालें, तो सार्जंट झाला, आणि त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं बेल्जम देशांत ईप्र शहराजवळच्या लढाईंत पडला. त्याचें वय अवघें एकतीस वर्षांचें होतें.

रणांत मेलेल्यास स्वर्ग ठेवलेलाच आहे, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. शोक करणाऱ्या घरीं हें बोलणें गोड लागतें, तरी आम्हांस तसें सांगतां येत नाहीं. त्या मनुष्याचें अंतःकरण देव जाणतो; त्याचा न्याय आमच्या हातीं नाहीं. इतकें मात्र आम्ही जाणतों कीं, अविनाशी मुकुट पैशानें मिळत नाहीं व पराक्रमानेंही मिळत नाहीं. आमच्या प्रभूनें स्वतः कांट्यांचा मुकुट मस्तकीं घेतला, म्हणून आम्हांस जीवनाचा मुकुट कृपेनें मिळतो. मग धांवावयाचें कशाला? ज्यानें आपल्यासाठीं एवढें सोसलें, त्याच्या मैदानांत आळसानें बसणें हें कृतघ्नपण होय, म्हणून.

आणि धांवावयाचें तें नियमानें. मैदानावरील गोल सर्व पाहतात. संघाच्या वह्या कोणी पाहत नाहीं. पण संघ बुडाला तो वह्यांमुळें. उपासनेंत मोठ्यानें गाणाऱ्या, प्रार्थनेंत अश्रू ढाळणाऱ्या पंचांनो व खजिनदारांनो, मंडळीच्या दानाची वही आज कोणी मागितली तर ती उघडून दाखवितां येईल काय? विधवेनें पदरांतून सोडून दिलेली दमडी तींत लिहिलेली आहे काय? आम्ही पाळकही ह्या प्रश्नांतून सुटत नाहीं. मनुष्य मागो अथवा न मागो, एक दिवस प्रभु मागेल.

तरुणांनो, खुशाल खेळा. शरीर देवाचें दान आहे. पण टाळ्यांच्या गजरांत हें विसरूं नका कीं, टाळ्या वाजविणारे हातही मातीचेच आहेत. ज्याच्या हातांत खिळ्यांचे वण आहेत, त्याच्याकडे दृष्टि लावून धांवा. शेवटल्या दिवशीं आपण सर्वांनीं वही उघडी ठेवून त्याच्यापुढें निर्भयपणें उभें राहावें, अशी कृपा तोच आपणांस देवो. आमेन.