पाणी किती अंशांवर होतं?

२४.८६०१ मिलि! दशांशचिन्हापुढे चार आकडे, वा रे वा! काट्याने २४.८६०१ ग्रॅम दाखवले, तू ग्रॅमच्या जागी मिलि लिहून मोकळा झालास. वर शेरा, ‘पिपेट बाद’. पंचवीसच्या ‘अ’ वर्गाच्या पिपेटला ०.०३ मिलिची सूट असते, तुझ्या हिशेबी ती चौपटीहून जास्त चुकली. अरे, पिपेट नाही चुकली!

पाण्याची घनता एक, हे शाळेत खपून जातं. २० अंशांवर ती ०.९९८२ असते, ३० वर ०.९९५६. शिवाय हवेत तोललेलं पाणी ग्रॅममागे सुमारे एक मिलिग्रॅम हलकं भरतं. ते कोण धरणार, मी?

आणि जर्नलमध्ये तापमान २५ कुठून आलं? एसीच्या रिमोटवरून! रिमोट खोलीला काय फर्मावलंय ते दाखवतो. खोलीने ऐकलं की नाही, ते त्याला ठाऊक नसतं. पाण्याचा तर संबंधच नाही. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन सकाळपासून खिडकीत उन्हात पडलाय. आत्ता थर्मामीटर बुडवला मी, ३० आहे. आता कर हिशेब. २५ अंशांचा गुणक १.००४० लावलास तर २४.९६, म्हणजे पिपेट तरीही बाद. ३० चा १.००५३ लाव. २४.९९! कोष्टक उघडलं असतंस तरी रिमोटच्या जिवावर धडधाकट पिपेट भंगारात काढली असतीस.

तिशीच्या आसपास एक अंश चुकला की पंचवीस मिलिमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅमचा घोळ होतो. मग काट्याच्या ०.१ मिलिग्रॅमचं कसलं कौतुक?

अनिश्चिततेच्या रकान्यात काय, तर ‘निरंक’! १९०१ मध्ये मोठमोठ्या माणसांनी एक किलो पाण्याचं आकारमान म्हणजे लिटर, असं ठरवलं. ते घन डेसिमीटरपेक्षा दहा लाखांत २८ भाग जास्त भरलं, आणि १९६४ मध्ये ती व्याख्या मोडीत काढावी लागली. तुझं मात्र निरंक!

पिपेटवर २० अंश छापलेत की २७, तेही वाचलेलं दिसत नाही. टोकाशी उरलेला थेंब फुंकलास का, ते विचारतच नाही.

आता पाणी काट्याशेजारी ठेव, रात्रभर राहू दे. उद्या दहा वेळा तोल, दर वेळी पाण्यातलं तापमान लिही. बीकरवर झाकण. मेनिस्कस डोळ्यांच्या रेषेत, मान वाकडी करून नाही. दहा रीडिंगचा विखुरलेपणा, थर्मामीटरची शंका, काट्याची शंका, मेनिस्कसची शंका, सगळ्यांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ, त्याची दुप्पट. तेवढं लिहिल्याशिवाय सही मागायला येऊ नकोस.

आणि तो रिमोट इकडे दे.