पूर्व दिशा घरातच आहे



पौर्णिमेला आपण विहारात जातो, त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो आणि घरी येतो. घरी जिच्या हातची भाकरी खातो, त्या म्हाताऱ्या माउलीविषयी धम्म काय सांगतो, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. तो आज करू या. उदाहरण दुसऱ्याच्या घरचे देत नाही, माझ्याच घरचे देतो.

आमची आजी गेल्या वर्षी नव्वदीला टेकून वारली. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात तिने सत्तर वर्षे काढली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, तेव्हा ती घरातली नवी सून होती. पुढे आमच्या गावातही दीक्षा झाली. सासूने जपलेले देवांचे टाक आजोबांनी देव्हाऱ्यातून उतरवले. आजी सांगत असे, "मला लई भ्या वाटलं. पर त्या सालीबी जोंधळा आलाच की!" एवढ्यावर तिची भीती संपली.

आमची जमीन म्हणजे हाडकी-हाडवळा. ज्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, ते वतन अखेर 1958 च्या कायद्याने गेले आणि चार एकर रान आजोबांच्या नावे झाले. पुढे ते गहाण पडले. 1972 च्या दुष्काळात आजीने रस्त्यावर खडी फोडली, वाट्याची सुकडी लेकरांना चारली आणि मजुरीचा पैसा पैशाला जोडून ते रान सोडवून घेतले. खुरपणी, काढणी, मोडणी तिचीच. बियाणेही तीच राखी. भरदार कणसे निवडून वेगळी बडवायची, दाणे राख आणि लिंबाचा पाला घालून मडक्यात भरायचे आणि तोंड शेणामातीने लिंपायचे. घरात उपास पडला तरी त्या मडक्याला कोणी हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता.

2003 च्या उन्हाळ्यात आजोबा गेले. मी तेव्हा आठवीत होतो. रब्बीच्या पेरणीला तिफण जुंपली आणि आजी नेहमीप्रमाणे बियाण्याची ओटी बांधून चाड्यावर मूठ धरायला पुढे झाली. थोरले चुलते चाचरत म्हणाले, "आई, पहिली मूठ सुनेला धरू दे. लोक काय म्हणतील?" अर्थ उघड होता. विधवेचा हात बियाण्याला नको. आजी तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "आरं, बाबासायबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. रांडमुंडीच्या हातानं पेरू नये, ही तेविसावी कुणी दिली?" कोणाला उत्तर सुचले नाही. पहिली मूठ आजीनेच धरली.

बंधूंनो, इथे मी थांबलो असतो तर ही गोष्ट आपल्याला गोड लागली असती. पण पुढचे सांगितलेच पाहिजे.

2012 साली मी नुकताच पदवीधर झालो होतो, घराण्यातला पहिला. चुलत्यांनी आणि वडिलांनी जमीन आपसांत वाटायचे ठरवले. त्यासाठी आजीचे आणि आत्यांचे हक्कसोडपत्र तयार झाले. तालुक्याला नोंदणीच्या दिवशी ते वाचून दाखवायला मला नेले होते. आजीने विचारले, "लेकरा, ह्यात माझं काय जातंय?" मी म्हणालो, "काही नाही आजी, नुसता अंगठा द्यायचाय." ती निरक्षर होती, तिने माझ्यावर विश्वास ठेवला. त्या अंगठ्याने तिचे रान गेले. पुढची सारी वर्षे तिने महिन्याच्या पाळीने एकेका मुलाच्या दारी भाकरी खाल्ली. चौथे शील मी रोज म्हणत होतो आणि त्या दिवशी मी ते मोडले. बाबासाहेबांनी शिका म्हटले ते यासाठी होते काय?

थेरीगाथेत सोणा थेरीची कथा आहे. दहा लेकरांची ही आई. अट्ठकथा सांगते की, तिने सारी संपत्ती मुलांना वाटून दिली आणि हाती काही उरले नाही तेव्हा त्याच मुलांना ती जड झाली. म्हातारपणी ती भिक्षुणी झाली. घराने जिला निकामी ठरवले, तिला तथागतांनी वीर्यवान भिक्षुणींमध्ये अग्रस्थान दिले. आपल्या घरात किती सोणा आहेत, ते मोजून पाहा.

राजगृहाचा सिगाल ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. भगवंतांनी त्याला सांगितले की, पूर्व दिशा म्हणजे आईवडील आणि पश्चिम दिशा म्हणजे पत्नी. पतीच्या कर्तव्यांत पत्नीचा मान राखणे जसे आहे, तसेच घरातला अधिकार तिच्या हाती सोपवणे हेही आहे. अधिकार म्हणजे नुसती कोठीची किल्ली नव्हे.

कायदाही तुमच्या बाजूला आहे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले. त्यातूनच पुढे 1956 चा वारसा कायदा आला आणि तो बौद्धांनाही लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या हिश्शात विधवा, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा वाटा असतो. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. पती हयात असताना स्वखुशीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी महाराष्ट्रात 1992 पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. योजनेच्या नावाशी आपल्याला कर्तव्य नाही, कामाशी आहे.

आजीच्या पुण्यानुमोदनाला फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, गाव जेवले. रात्री वडील माझ्याजवळ बसून म्हणाले, "तिला जिवंतपणी एक गुंठा ठेवला नाही रे आपण." दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे तलाठ्याकडे गेलो आणि वडिलांच्या हिश्शात माझ्या आईचे नाव लावण्याचा अर्ज दिला. आजीचे देणे त्याने फिटत नाही, ते फिटणारही नाही.

म्हणून विनंती आहे की, ही पौर्णिमा येण्याआधी घरचा सातबारा काढा आणि मोठ्याने वाचा. ज्या बाईने बी राखले, तिचे नाव त्यात आहे काय ते पाहा. म्हातारीसमोर कागद आला तर त्यातला शब्द न् शब्द तिला समजावून सांगा. विधवेला शुभकार्यात मागे सारू नका. सर्व माणसे समान मानीन आणि समतेसाठी झटेन, या नवव्या व दहाव्या प्रतिज्ञांची सुरुवात आपल्या चुलीपासून होते.

पूर्वेला नमस्कार करायला बाहेर जायला नको. ती ओसरीवर बसली आहे.

भवतु सब्ब मंगलम्.