प्रश्नाचा पहिला मान मुलाचा

वल्हांडण सणाच्या रात्री यहुदी घरात सगळे एकत्र बसले, की सर्वांत धाकटे मूल विचारते, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? त्याने विचारल्यावर मोठी माणसे मिसरातल्या गुलामगिरीची आणि सुटकेची गोष्ट सांगू लागतात. या प्रथेचे मूळ निर्गमाच्या १२व्या अध्यायात आहे. मुले या विधीचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना सांगा, असे तिथे बजावलेले आहे. यहोशवाच्या ४थ्या अध्यायात इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडताना पात्रातले बारा धोंडे उचलतात आणि मुक्कामाच्या जागी रचतात. कशासाठी? तर पुढे कधीतरी मुलांनी विचारावे, हे दगड इथे का. आणि लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडतो, तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत असतो, त्यांना प्रश्न विचारत असतो.

या तिन्ही ठिकाणी प्रश्न मुलाचा आहे आणि तो विचारला जावा अशी मोठ्यांची इच्छा आहे. लहान मुलांना पवित्र शास्त्र कसे द्यावे, याचे उत्तर मला इथेच सापडते. मुलाला गोष्ट द्यावी, पूर्ण द्यावी, आणि तिचा अर्थ शोधण्याचा मान त्याच्याकडेच राहू द्यावा. तात्पर्य आधी ठरवून गोष्ट त्याच्या पुराव्यादाखल सांगितली, तर मुलाच्या पदरी फक्त आज्ञा पडते.

ख्रिस्ती शिक्षणाच्या इतिहासात मुलाचा हा मान हळूहळू पुस्तकाकडे गेला. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली आपला लहान कॅटेकिझम लिहिला, तो घरच्या कर्त्याने मुलांना आणि घरातल्या इतरांना शिकवावे म्हणून. धर्म घरात यावा ही त्यामागची तळमळ खरी होती. पण प्रश्नही छापील झाला आणि उत्तरही. १७१४ साली योहान ह्यूबनर याने जर्मन मुलांसाठी बायबलमधल्या गोष्टींचे पुस्तक काढले. जुन्या करारातल्या ५२ गोष्टी, नव्या करारातल्या ५२, आणि प्रत्येकीखाली प्रश्न व बोध. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर इथे रॉबर्ट रेक्स याने रविवारची शाळा सुरू केली. आठवडाभर राबणारी गरिबांची मुले तिथे वाचायला शिकली, हे त्या चळवळीचे मोठे ऋण आहे. मात्र तिच्याबरोबर हजेरी, परीक्षा आणि बक्षिसेही आली.

आपल्या मराठी मंडळ्यांच्या शब्बाथशाळांत हा साचा आजही दिसतो. गोष्ट संपते न संपते तोच शिक्षक विचारतात, “यातून आपण काय शिकलो?” आणि मुले एका सुरात म्हणतात, “मोठ्यांचे ऐकावे.” गोष्ट दावीदाची असो, योनाची असो की उधळ्या पुत्राची, उत्तर तेच. मी पाठांतराच्या विरोधात नाही. लहानपणी मुखोद्गत झालेले सोनेरी वचन माणसाला दवाखान्याच्या बाकावर किंवा कबरस्तानातून परतताना धीर देते, हे मंडळीतल्या कितीतरी जणांकडून ऐकलेले आहे. पण तोंडपाठ वचन आणि तोंडपाठ तात्पर्य यांत फरक आहे. वचन वयाबरोबर खोल होत जाते. तात्पर्य एकदा सांगून झाले की संपते.

मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ याच अपुरेपणातून जन्मला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल इथे छापून निघाले. ग्रंथाच्या आरंभी ते प्रसंग सांगतात, की साष्टीतल्या एका चर्चमध्ये दुपारी ख्रिस्ती मुलेमुली दोत्रीन, म्हणजे धर्माचे पाठ शिकत होती. तेव्हा एका नवख्रिस्ती माणसाने पाद्रींना म्हटले, आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हाला का देत नाही? या मागणीमागे वेदना आहे. पोर्तुगीज सत्तेने तिथल्या लोकांची देवळे पाडली, त्यांच्या पोथ्या हिरावल्या. तो अन्याय होता, आणि ख्रिस्ती माणसाने तो स्पष्ट शब्दांत अन्याय म्हटला पाहिजे. पण त्या माणसाला जे उमगले होते, ते चारशे वर्षांनंतरही खरे आहे. मुलांना धर्माचे पाठ मिळत होते, तरी लोकांची भूक भागत नव्हती. स्टीफन्स यांनी कोकणीत प्रश्नोत्तरांची दोत्रीनही लिहिली. ती त्यांच्या निधनानंतर १६२२ साली छापली गेली. पण पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले ते पुराणच.

खुद्द येशू मुलांशी कसा वागला, तेही पाहावे. मार्कच्या शुभवर्तमानात लोक मुलांना त्याच्याकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात आणि येशू शिष्यांवर रागावतो. मग तो मुलांना कवेत घेतो, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. उपदेश करतो तो मोठ्यांना. मत्तयाच्या १८व्या अध्यायात तो मुलाला शिष्यांच्या मधोमध उभे करतो; तिथेही धडा शिष्यांसाठीच आहे. याईराची मुलगी उठते, तेव्हा तो म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. या प्रसंगांत मुलांच्या वाट्याला स्पर्श आहे, आशीर्वाद आहे, अन्न आहे. त्यांना प्रवचन द्यायची घाई आपल्याला झाली आहे.

ही घाई टाळणारी एक वाट विसाव्या शतकात रोममध्ये निघाली. सोफिया कॅव्हलेत्ती या हिब्रूच्या अभ्यासक. १९५४ साली त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीच्या शिक्षिका जान्ना गोब्बी यांच्यासह मुलांच्या धर्मशिक्षणाचे काम सुरू केले. खोलीत मुलांच्या उंचीची कपाटे, आणि हाताळायला मेंढवाडा, मेंढपाळ, मेंढरे. मोठे माणूस चांगल्या मेंढपाळाचा दृष्टान्त हळू वाचते, आकृत्या हलवते आणि विचारते, ही मेंढरे कोण असतील बरे? उत्तराची सक्ती नाही, दुरुस्तीची घाई नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना नीतीचे धडे नकोत, त्यांना आधी आपल्याला नावाने ओळखणारे कोणी आहे हा विसावा हवा, असा कॅव्हलेत्ती यांच्या निरीक्षणाचा सारांश. एखादे मूल तोच दृष्टान्त पुन्हा पुन्हा मागते. आपल्या घरांतही एकच गोष्ट रोज मागणारी मुले असतातच. त्यांना नवी माहिती नको असते, ओळखीच्या जागी परतायचे असते.

आता अवघड गोष्टींचे काय? नोहाचे तारू आपण रंगीत खेळणे करून पाळणाघराच्या भिंतीवर काढतो, आणि बुडालेल्या जगाबद्दल गप्प बसतो. अब्राहाम इसहाकाला अर्पण करायला डोंगरावर नेतो, ही गोष्ट चार वर्षांच्या मुलाने बापाच्या नजरेने ऐकावी अशी आपली अपेक्षा असते. ते मात्र ती इसहाकाच्या नजरेने ऐकते. इफ्ताहाच्या मुलीची गोष्ट तर मोठ्यांनाही पेलत नाही. अशा गोष्टींसाठी थांबावे. थांबणे म्हणजे लपवणे नव्हे. पुढे मागे घ्यावे लागेल असे काही सांगू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे. नरकाच्या आगीचे भय घालून मूल गप्प बसवता येते. पण जिथे भय शिकवले, तिथे प्रेमावरचा विश्वास पुन्हा उभारायला आयुष्य जाते.

भाषेचाही विचार हवा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीकपर्यंत जाऊन ते काम त्यांनी १९२२ साली, मृत्यूपूर्वी पुरे केले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले. तरी इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुले आज येशूला व्यंगपटातल्या इंग्रजीतून भेटतात. आजीने घरच्या मराठीत सांगितलेली गोष्ट त्यांना हवी. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, याची पौलाच्या पत्रात आठवण आहे. शास्त्र माणसाकडून माणसाकडे जाते, आणि सांगणाऱ्यावर मुलाचा जीव असावा लागतो.

म्हणूनच दुसऱ्याच्या मुलाला आपले शास्त्र सांगताना हात आखडता घ्यावा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणात सामील करता येत नाही, असे संविधानाचे कलम २८(३) सांगते. मला ही नुसती कायद्याची अट वाटत नाही. लहान मूल मोठ्यांना नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला अर्थ नसतो. हे माप प्रत्येक धर्माला लावावे; माझ्या धर्माला आधी.

आणि आपल्या घरच्या मुलालाही एक दिवस नाही म्हणता यावे. इसहाकाच्या गोष्टीवर ते विचारील, “देवाने असे सांगितले तर तुम्ही मला न्याल का?” तेव्हा पुस्तकातले उत्तर पुढे करू नये. न्यायचा नाही, असे आधी ठामपणे सांगावे, आणि मग ती गोष्ट आपल्यालाही छळते हे कबूल करून पुन्हा सोबत वाचावी. शब्बाथशाळेच्या तासातला निम्मा वेळ मुलांच्या अशा प्रश्नांना द्यावा, अशी माझी मंडळ्यांना विनंती आहे. शिक्षकांना कमी शिकवावे लागेल आणि जास्त तयारी करावी लागेल. पण ज्या मुलाला सातव्या वर्षी प्रश्न विचारू दिले, ते सतराव्या वर्षी शंका घेऊन आपल्याकडे येईल. ज्याला गप्प बसवले, ते शंका घेऊन निघून जाईल.