जळलेली फ्यूजपेटी

शास्त्रभाग : २ शमुवेल १२ : १-१३



पेण येथे राहणाऱ्या पाळकास रोहे येथील कुटुंबांची भेट घ्यावयाची असली म्हणजे वडखळ व नागोठणे ह्यांवरून जावे लागते, व नागोठण्याच्या पुढे भिसे खिंड लागते. ज्यांनी आषाढात तिन्हीसांजेस ही खिंड ओलांडली आहे त्यांस तेथील धुके व पाऊस ह्यांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. हाताएवढ्या अंतरावरचा खड्डा दिसत नाही. ह्याकरिता मी आपल्या मोटारसायकलीस दोन जादा दिवे लावण्याचे ठरविले. मजुरीचे पैसे वाचावे म्हणून ते काम मीच केले. आणि तारांचे काम आपणांस थोडेसे येते असा मजला अभिमानही होता.

दिवे लागले, परंतु दुसऱ्याच दिवशी फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. ज्यांस ही वस्तू ठाऊक नाही त्यांच्याकरिता सांगतो. फ्यूज म्हणजे जाणूनबुजून कमजोर ठेवलेली तार होय. मर्यादेपेक्षा अधिक वीज वाहू लागली की ती आधी वितळते, आणि पुढील सर्व तारा वाचतात. ब्रेगे नामक फ्रेंच गृहस्थाने सन १८४७ मध्ये तारायंत्राच्या कचेऱ्यांस आकाशातील विजेपासून वाचविण्यासाठी अशा बारीक तारेची युक्ती सुचविली होती. म्हणजे एखाद्याने जळून बाकीच्यांस राखावे ही योजना फार जुनी आहे.

दोनदा फ्यूज गेल्यावर शहाण्या माणसाने विचारावयास हवे होते की, तो का जातो? मी तसे विचारले नाही. घाई होती. मी तांब्याच्या तारेचे चारपाच पदर जळक्या फ्यूजच्या दोन्ही पायांस गुंडाळले व तो पुनः पेटीत बसविला. दिवे झकास लागले. पुढे आठ दिवस काहीच बिघडले नाही, आणि हेच वाईट झाले; कारण आठ दिवसांत मी ती तार विसरलो. विसरलो असे म्हणणे सोपे आहे. खरे पाहता मला तिची आठवण नको होती.

त्या शनिवारी आमच्या मंडळीतील एका पंधरा वर्षांच्या मुलाने नेहमीप्रमाणे माझी गाडी धुतली. सोमवारी सायंकाळी रोह्यास एका अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध गृहस्थांच्या घरी प्रार्थना होती. भिसे खिंडीत पोहोचलो तोच जळक्या प्लास्टिकचा वास आला, दिवे गेले, आणि बाजूच्या झाकणाखालून धूर निघू लागला. एका टेंपोवाल्या भल्या माणसाने मला व गाडीला रोह्यापर्यंत नेले. वाटेत त्याने विचारले, "साहेब, झालं काय?" मी तत्काळ उत्तर दिले, "पोराने गाडी धुताना वायरिंगमध्ये पाणी मारलं." इतक्यावर थांबलो असतो तरी बरे होते. रोह्यास पोहोचताच मी मुलाच्या वडिलांस फोन केला, व हेच त्यांस सांगितले; किती खर्च येईल तेही बोललो. ते वीटभट्टीवर मजुरी करतात. त्यांनी माझी क्षमा मागितली. त्या रात्री मुलास मार बसला, हे मला मागाहून कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने गाडी उघडली. मी जवळच उभा होतो. त्याने प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडविली, मग झाकण काढले. फ्यूजपेटी म्हणून जी वस्तू होती तिचा काळा गोळा झाला होता; दोन घरे एकमेकांत वितळून मिसळली होती. त्याने चाकूने तो गोळा कापला, आणि आतून तांब्याचा एक मणी काढून माझ्या तळहातावर ठेवला. "हे कुणी केलं, साहेब?" त्याने एवढेच विचारले.

नाथान संदेष्टा दाविदाकडे आला तेव्हा त्याने आरोप केला नाही, एक गोष्ट सांगितली. एका गरिबाची एकुलती मेंढी श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली. ती ऐकून राजा संतापला, व त्या श्रीमंतास मरणाची शिक्षा योग्य आहे असे बोलला. त्याचा राग खोटा नव्हता. तो केवळ दुसऱ्या दिशेस वळलेला होता. ज्याच्या मनात स्वतःचे पाप दडपलेले असते तो दुसऱ्याचे पाप फार तत्परतेने ओळखतो. मी हा भाग अनेकदा शिकविला आहे, सेमिनरीत त्यावर निबंधही लिहिला होता. तथापि रोह्याच्या त्या गॅरेजात, तांब्याचा मणी हातात धरून, तो मला प्रथमच समजला.

"मी केलं," असे मी म्हणालो. मिस्त्रीने मान हलविली व कामास लागला. त्याचे काम येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते पाहण्यासारखे होते.

त्याने नवी पेटी लागलीच बसविली नाही. आधी कारण शोधिले. फ्यूजच्या जागी त्याने एक साधा बल्ब जोडला व सर्व बटणे बंद ठेवली. बल्ब लागावयास नको होता. त्याने हँडल डावीकडे वळविताच बल्ब लख्ख लागला. उजवीकडे वळविताच विझला. मी ओढलेली तार हँडलच्या मानेपाशी चिमटत होती. वरचे आवरण घासून गेले होते, व उघडे तांबे लोखंडी सांगाड्यास टेकत होते. पाण्याचा तेथे काही संबंध नव्हता.

शिवाय माझे दिवे ५५ वॅटचे होते. दोघांचे मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर ९ अँपियरहून अधिक. आणि मूळ फ्यूज होता १० अँपियरचा, ज्यावर भोंगा व इतर दिवेही चालत. तो उडत होता ते योग्यच करीत होता. मिस्त्री म्हणाला, "फ्यूज दिव्यासाठी नसतो, साहेब. वायरीसाठी असतो. वायर जेवढं सोसेल त्याच्या आत फ्यूज पाहिजे."

मग त्याने जळक्या तारा मागे मागे कापीत नेल्या. वरून आवरण चांगले दिसत असे, पण आत तांबे काळे पडलेले. चकाकते तांबे लागेपर्यंत तो थांबला नाही. काळ्या तांब्यावर कथिलाचा डाग धरत नाही, असे त्याने सांगितले. प्रत्येक जोडावर त्याने आधी नळी सरकवून ठेविली, मग पीळ दिला, डाग दिला, नळी वर ओढून तापविली. सांधे एकमेकांशेजारी येऊ नयेत म्हणून प्रत्येक तार वेगळ्या लांबीवर जोडली. माझे मोठे दिवे त्याने काढून टाकिले, व दोन लहान एलईडी दिवे स्वतंत्र तारेवर, ५ अँपियरचा निराळा फ्यूज बॅटरीपाशीच घालून, लाविले. ह्यात दुपार झाली. नहेम्यानेही तट बांधण्यापूर्वी रात्री थोड्या माणसांसह फिरून कोठे कोठे पडला आहे ते पाहिले होते.

गाडी नीट झाली. त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी मी एक दिवस उशिरा प्रार्थना केली; त्यांनी काही विचारले नाही. परंतु दुसरी दुरुस्ती पेणला राहिली होती, आणि परतीची वाट मला त्या दिवशी फार लांब वाटली. मनात येई की मुलास काही बक्षीस द्यावे, वडिलांस हळूच दोन शब्द सांगावे, झाले. पण मी आरोप केला होता तो उघड. तो टेंपोवाल्याने ऐकला होता, शेजाऱ्यांनी ऐकला होता, मंडळीत पसरला होता. वरून चिकटपट्टी गुंडाळून भागणारे ते काम नव्हते.

प्रथम मी त्यांच्या घरी गेलो. बाप उठून उभा राहिला व खुर्ची पुसू लागला. मी मुलाची क्षमा मागितली. तो जमिनीकडे पाहत राहिला. "असू दे, पास्टरकाका," एवढेही बोलला नाही, आणि त्याने बोलावे अशी अपेक्षा धरण्याचा मला अधिकार नव्हता. आईने मात्र विचारले, "मंडळीत सांगाल का?" रविवारी संदेशापूर्वी मी उभा राहून सर्व सांगितले, तांब्याच्या तारेसह. दाविदाचे उत्तर नाथानास फार थोड्या शब्दांचे होते. मला मात्र पुष्कळ शब्द लागले, व त्यांतील निम्मे सबबींचे होते असे पत्नीने घरी गेल्यावर सांगितले.

तो मुलगा त्या शनिवारी आला नाही. पुढच्याही आला नाही. तिसऱ्या शनिवारी मी स्वतःच गाडी धूत असता तो फाटकाशी उभा दिसला. जवळ येऊन त्याने बाजूचे झाकण उघडावयास सांगितले, नवी पेटी निरखून पाहिली, प्रत्येक फ्यूज कशाचा ते एकेक करून विचारले, आणि मग माझ्या हातातील फडके घेतले.